शालिग्राम मास्टरची प्लेगची सुई

शालिग्राम मास्टरचा देवावर नव्हता एवढा भरवसा सुईवर होता. देव नवसाला पावला की नाही हे कळायला वर्ष जातं, सुई मात्र टोचल्याबरोबर कळते, असं त्याचं म्हणणं. सर्दी झाली, घे सुई. कंबर धरली, घे सुई. धाकट्या पोरीचं लग्न उरकून घर रिकामं झालं आणि जीव कशातच लागेना, तेव्हाही हा गडी सुरतेतल्या लिंबायतच्या एका दवाखान्यात जाऊन हाताला ग्लुकोजची बाटली लावून पडला. संध्याकाळी घरी येऊन बायकोला म्हणाला, "आते बरं वाटस."

"सकायपासून उपाशी व्हतात," उषाबाई म्हणाली. "आते खिचडी खाधी, म्हनीसन बरं वाटस."

उषाबाईचं असंच. मास्टरच्या कुठल्याही आजारात, उपचारात किंवा पराक्रमात ती खिचडीएवढं साधं कारण काढायची आणि सगळी मजा घालवायची.

गोळीवर मात्र मास्टरचा काडीचाही विश्वास नव्हता. त्याला कारण होतं त्याचं काम. खान्देशातल्या डांगरवाड्याहून मिसरूड फुटायच्या आत मामाबरोबर सुरतला आलेलं पोरगं आधी उधन्याच्या एका खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, सुताच्या कांड्या भरायचं, मग लूम चालवायला शिकलं आणि चाळिशीपर्यंत मास्टर झालं. मास्टर म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा. चोवीस लूमच्या त्या खडखडाटात कुठल्या लूमचा धोटा वाकडा धावतोय हे तो दारातून ओळखायचा, आणि मग हातात पाना घेऊन असा काही चालत यायचा की शेठसुद्धा बाजूला सरकायचा. आता रोज लोखंडाशी झटणाऱ्या माणसाला वाटणारच, की बिघाड झाला की आत हत्यार घालावं लागतं. वरून तेल सोडून फार तर आवाज कमी होतो. गोळी म्हणजे तेल आणि सुई म्हणजे पाना, इतका सरळ हिशोब. त्यात दुखल्याशिवाय गुण येत नाही ही आपल्याकडची जुनीच समजूत. शाळामास्तरच्या छडीपासून सासूच्या टोमण्यापर्यंत सगळी सुधारणा आपण त्याच मार्गानं करत आलो आहोत.

सुरतला येऊन मास्टरला तीसएक वर्षं झाली होती, पण 'गाव कुठलं' म्हटलं की छाती काढून 'डांगरवाडं' म्हणायचा. सुरत पोटासाठी. माणसं तिकडची. दर दिवाळीला तो गावी निघाला की पाठीवर कापडाचा गठ्ठा असायचा. याला शर्टपीस, त्याला पँटपीस, कानबाई देवीच्या उत्सवासाठी साडी, मारुतीला घंटा. गावात त्यानं विटांचं घर बांधलं होतं, पुढे फरशीचा ओटा, त्यावर पत्रा. घरात एकटी म्हातारी आई सुभद्राबाई. तिला कितीदा म्हटलं सुरतला चल, पण ती म्हणायची, तुझा बाप इथं गेला, मी इथून हलत नाही.

बापाचं श्राद्ध पितरपाटातल्या अष्टमीला. पितरपाटा म्हणजे पितृपक्षाचे दिवस. शालिग्राम एकुलता एक. बापाच्या नावाचा घास त्यानंच टाकायचा. शेणाच्या गोवऱ्यांच्या विस्तवावर तूप, खीर, वड्याचा तुकडा, आणि मग पत्र्यावर कावळ्याचं पान. एका साली खात्यात नव्या लूमचं काम निघालं म्हणून तो एक दिवस उशिरा पोहोचला, तर म्हातारी म्हणाली की बाप दिवसभर पत्र्यावर उपाशी बसून होता. त्या वाक्यानं मास्टरला अशी काही लाज वाटली, की त्यानंतर त्यानं अष्टमी चुकवली नाही. खात्यात कामगाराला सुट्टी मिळवायला आजीचं मरण दोनतीनदा वापरावं लागतं. मास्टरला अष्टमीसाठी काही सांगावं लागत नसे. तो पाना टेबलावर ठेवून निघायचा.

मग आला चौऱ्याण्णवचा भादवा. पाऊस असा झाला की तापीचं पाणी गल्ल्यागल्ल्यांत शिरलं. पाणी ओसरलं आणि मागे चिखल, मेलेली ढोरं नि उंदीर सोडून गेलं. गणपती बुडाले आणि दोन दिवसांत शहरात एक शब्द पसरला. प्लेग. तो शब्द लिंबायतीत पोहोचला तोवर अर्धं सुरत स्टेशनवर पोहोचलेलं होतं.

आधी मोटारवाले गेले. मग स्कूटरवाले. ज्या डॉक्टरांच्या पाटीवर नावापेक्षा डिग्र्या लांब, त्यांतल्या बऱ्याच जणांनी दवाखान्याला कुलूप ठोकलं आणि कुलपाखाली पुठ्ठा लटकवला, 'डॉक्टरसाहेब बहारगाम गया छे'. मास्टरचा शेठ सहकुटुंब पळाला आणि जाताना पहारेकऱ्याला बजावून गेला, की माल सांभाळ, जीव काय, आज आहे उद्या नाही. पुढे हीच मंडळी जिथं जिथं उतरली तिथं तिथं म्हणाली, की रोग झोपडपट्टीवाल्यांनी पसरवला. लिंबायतच्या माणसानं गटार तुंबल्याची तक्रार चार वर्षं केली होती, ती कोणी ऐकली नाही. गटाराचा दोष मात्र त्याच्या नावावर चढवायला कुणाला एक दिवस लागला नाही.

खाती बंद पडली. लूम थांबले. लिंबायत आणि उधन्याच्या माणसाला तो खटखटाट अंगवळणी पडलेला. तो थांबल्यावर मास्टरला झोप येईना. त्याला पहिल्यांदा भीती वाटली ती या शांततेची, रोगाची नंतर.

मग गल्लीत सरकारी माणसं आली. नाकाला कापड, हातात खोका. घरोघर जाऊन पाकिटं वाटली. त्यात रंगीत कॅप्सुला. कशा खायच्या ते हिंदीत सांगितलं, पुन्हा गुजरातीत सांगितलं. मास्टरनं पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं.

"साहेब, सुई नहीं है क्या?"

"सुई का काम नहीं, काका. यही खाना है."

"इतनी बड़ी बीमारी, और उसपे गोली?"

"काका, खाना हो तो खाओ. आगे बहुत घर हैं."

मास्टरचा अपमान झाला. एवढा प्लेग! ज्याच्या नावानं शेठ पळाले, डॉक्टर पळाले, त्याच्यावर फुकटची गोळी? ना टोचणं, ना दुखणं, ना दंड चोळत घरी येणं. गरीब मेला तर मेला असं समजून काहीतरी वाटून टाकलंय, असा त्यानं निकाल दिला आणि पाकीट तांदळाच्या डब्यावर फेकलं. उषाबाईनं स्वतःचं पाकीट उघडलं आणि सांगितल्याप्रमाणे खायला सुरुवात केली. नवऱ्याचं पाकीट तिनं उचलून पिशवीत ठेवलं. शेजारची दोन घरं रातोरात गेली, जाताना त्यांचीही पाकिटं तिच्याकडे टाकून गेली. तिनं तीही ठेवली. फेकून देण्यासारखी वस्तू अजून तिच्या पाहण्यात यायची होती.

मास्टरला हवी तशी सुई दिली ती ललित डॉक्टरनं. हा एकेकाळी एका मोठ्या दवाखान्यात कंपाउंडर होता. नंतर त्यानं गल्लीत टेबल टाकलं आणि डॉक्टर झाला. मोठे डॉक्टर पळाल्यावर एवढा एकच जागेवर उरला. लोक म्हणाले, बघा, याला म्हणतात सेवा. खरी गोष्ट अशी, की त्याच्याकडे पळायला मोटार नव्हती आणि गिऱ्हाईक इतकं कधी आलं नव्हतं. त्यानं दाराशी सांगून ठेवलं, की मुंबईहून प्लेगची सुई आली आहे. मुंबईहून येणाऱ्या गाड्यांत त्या आठवड्यात चिटपाखरू नव्हतं, सगळी गर्दी उलट दिशेनं. पण हा प्रश्न रांगेतल्या एकाच्याही मनात आला नाही.

मास्टर रांगेत उभा राहिला. नंबर लागला. त्यानं बाही वर केली.

"दंडात नाही," ललित डॉक्टर म्हणाला. "प्लेगची सुई जड असते. मोठ्या जागी द्यावी लागते."

जड असते हे ऐकून मास्टरला समाधानच वाटलं. तो पायजमा सैल करून टेबलावर पालथा पडला. तीच सुई डॉक्टरनं आधीच्या माणसाला दिली होती. वाटीतल्या पाण्यात बुचकळून त्यानं ती पुन्हा भरली. पिवळं धमक औषध आत गेलं आणि मास्टरच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्यानं दात आवळले. त्याला मनापासून वाटलं, की आता खरं औषध भेटलं. संध्याकाळी लघवी पिवळी झाली, तेव्हा तर त्यानं गल्लीतल्या चौघांना बोलावून सांगितलं, की रोग असा बाहेर पडतो.

पुढचे दोन दिवस मास्टर एक पाय ओढत, पण मान ताठ ठेवून हिंडला. तिसऱ्या दिवशी त्याला बसता येईना.

"जराखं देखू द्या," उषाबाई म्हणाली.

"सुई काम करी ऱ्हायनी," मास्टर म्हणाला. "तुन्या गोया काय करतस? काहीच नही. दुखतस का त्या?"

अष्टमी चार दिवसांवर आली. खातं बंद, गल्ली रिकामी, आणि गावी बापाचा घास टाकायचा. शिवाय आता काय भीती? सुई घेतलेली. उधना स्टेशनवर दोघं गाडीत चढली ती लोकांच्या रेट्यानंच. डब्यात प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे हाच रोगी असावा अशा नजरेनं बघत होता. मास्टरचा ओढता पाय पाहून एका भल्या माणसानं सरकून जागा केली. मास्टरनं हात जोडून नाही म्हटलं आणि थेट नंदुरबारपलीकडपर्यंत उभ्यानं प्रवास केला. डब्यातल्या लोकांना वाटलं, काय स्वाभिमानी माणूस आहे.

एसटीतून उतरून दोघं गावाच्या वाटेला लागली. नाल्यापाशी पोहोचली तर वाटेवर आडवी बैलगाडी, आणि तिच्यामागे काठ्या घेऊन पाचपंचवीस माणसं. पुढे काशिनाथ. हा पोलीस पाटलाचा थोरला भाऊ, आणि भावाला पद मिळाल्यापासून स्वतःलाच पोलीस समजणारा. त्याच्या तोंडाला निळ्या फुलांचा कपडा बांधलेला. मास्टरनं कपडा लांबूनच ओळखला. गेल्या दिवाळीला त्यानंच दिलेला शर्टपीस. सुरतच्या माणसापासून वाचायला काशिनाथनं सुरतचंच कापड फाडून तोंडाला बांधलं होतं.

"थांब शालिक! तठेच थांब!"

"आबा, मी शे. शालिक."

"तू शे म्हनीसनच सांगस. सुरतवाला कोनलेच गावमा येऊ देतस नही आम्ही."

"आबा, तीन दिनवर अष्टमी शे. बापना घास टाकना शे."

काशिनाथ थोडा घुटमळला. घास म्हटल्यावर पुढच्या दोघातिघांच्या काठ्याही खाली आल्या. बापाला उपाशी ठेवायचं पाप गावाला नको होतं. म्हणून काशिनाथनं गावानं काल ठरवलेला कायदा सांगितला. ज्यानं प्लेगची सुई टोचून घेतली, तोच आत येईल.

उषाबाई पुढे झाली. "मी गोया खाध्या शेत. सरकारन्या."

"गोया ते बकरीले बी देतस," काशिनाथ म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मास्टरचा चेहरा असा काही उजळला, की इतक्या वर्षांत उषाबाईनं तो तसा पाहिला नव्हता. बघ, असं तिच्याकडे बघत त्यानं आवाज चढवला. "सुईच लिधी मी! प्लेगनी सुई! मुंबईनी!"

"दखाड."

मास्टरनं पायजम्याची नाडी चाचपली.

"दंड दखाड ना."

"दंडवर नही शे, आबा."

"मंग कोठे शे?"

आता हे सांगायचं कसं? समोर उभा गाव. त्यात चुलत्या, वहिन्या, मावस बहिणी, मारुतीला घंटा दिली तेव्हा ज्यांनी त्याला हार घातला त्या सगळ्या. मास्टरची नजर गर्दीतून फिरली आणि मागच्या बाजूला काठी टेकून उभ्या आईवर थांबली. तिनं पदर तोंडावर धरला होता. त्याला बरं वाटलं. आई आली म्हणजे आता सगळं सुरळीत होईल.

"सांगा ना आते," उषाबाई मागून म्हणाली. "गल्लीमा ते सगळासले सांगीसन उनात."

शेवटी असं ठरलं, की काशिनाथ आणि भिकन यांनी बाभळीमागे जाऊन खात्री करायची. भिकन हा गावचा पंच, गुरांच्या बाजारात दात बघून बैलाचं वय सांगणारा. म्हणजे तपासणीसाठी योग्य माणूस. तिघं बाभळीमागे गेले. मास्टरनं इकडेतिकडे पाहिलं, देवाचं नाव घेतलं आणि पायजमा खाली केला.

भिकननं वाकून पाहिलं.

"गाठ!" भिकन ओरडला. "गाठ शे रे! गाठ!"

ललित डॉक्टरच्या त्या वाटीतल्या सुईनं आपलं काम चोख केलं होतं. लिंबाएवढी, लालबुंद, तट्ट फुगलेली गाठ. आणि प्लेग म्हणजे गाठीचा रोग, एवढं तर गावातल्या शेंबड्या पोरालाही म्हाताऱ्यांनी सांगून ठेवलेलं. भिकन काठी तिथंच टाकून नाला ओलांडून पळाला. काशिनाथच्या तोंडावरचं निळं फूल सुटून गळ्यात आलं. बाभळीपुढे उभा गाव एका दमात शंभर पावलं मागे गेला. मास्टर पायजमा हातात धरून "सुई शे ती, आबा, सुई!" असं ओरडत पुढे येऊ लागला, तसे लोक आणखी मागे. ज्या सुईनं तो गावात शिरणार होता, तिनंच त्याला वेशीबाहेर काढलं.

गर्दी पांगली तेव्हा मास्टरनं आईला शोधलं. ती घराकडे चालत होती.

"जेवन बनावाले गई व्हई," तो म्हणाला.

उषाबाईनं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. ती आपल्या सासूची चाल ओळखत होती. स्वयंपाकाला जाणारी बाई अशी वळून न बघता जात नाही.

दोघांना गावाबाहेरच्या शाळेत ठेवलं. प्लेगच्या भीतीनं शाळा बंदच होती. भिंतीवर 'सर्वांशी प्रेमाने वागा' असं मोठ्या अक्षरांत रंगवलेलं. रोज कोणीतरी लांबून आरोळी द्यायचं आणि फाटकाशी भाकरी, पिठलं, पाण्याची कळशी ठेवून धूम ठोकायचं. भाकरी सुभद्राबाईच्या हातची होती. मास्टर तुकडा मोडताच ओळखायचा. पण ती स्वतः आली नाही. मास्टर पालथा पडून खिडकीकडे बघत राहायचा आणि म्हणायचा, की म्हातारी आहे, गुडघे दुखतात, एवढं अंतर कसं चालेल. वेशीपर्यंत ती चालत आली होती हे त्याला कोणी आठवून दिलं नाही. उषाबाईला त्याची कीव आली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं साधं कारण सांगायचं टाळलं.

अष्टमीच्या आदल्या दिवशी उपकेंद्राच्या सिस्टर आल्या, मंगलाबाई. सायकलवरून, घामाघूम, आणि चार गावांत असेच चार रोगी बघून वैतागलेल्या. त्यांनी लांब उभं राहून विचारपूस वगैरे काही केली नाही. सरळ म्हणाल्या, "पालथे व्हा."

दाबून पाहिलं. मास्टरनं शाळा डोक्यावर घेतली.

"गळू आहे," मंगलाबाई म्हणाल्या. "घाणेरड्या सुईचं. कोणी टोचली ही?"

"प्लेगची सुई आहे सिस्टर. मुंबईची."

"अशी सुई कुठंच वाटत नाहीत. प्लेगला गोळ्या देतायत, गोळ्या. सुरतेत घरोघर वाटल्या म्हणतात. तुम्हाला नाही मिळाल्या?"

उषाबाईनं पिशवीतून पाकीट काढून सिस्टरच्या हातावर ठेवलं. मंगलाबाईंनी पाकिटाकडे पाहिलं, मास्टरकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आवरेना. गळू साफ करून पट्टी बांधली. वर सांगितलं, की याच गोळ्या खा, त्या गळवालाही चालतील. मास्टरनं निमूटपणे तोंड उघडलं. ज्या गोळीला त्यानं तेल म्हटलं होतं, ती त्यानं पाण्याशिवायच गिळली.

जाताना सिस्टर वेशीवर थांबल्या आणि काशिनाथला चारचौघांत झापलं. माणसाला प्लेग नाही, गळू आहे. आणि सुईची अट कोणत्या शहाण्यानं काढली? गोळ्या खाल्लेल्या बाईला बाहेर आणि असल्या सुईवाल्याला आत? प्लेगला औषध म्हणजे फक्त गोळ्याच, आणि त्या अजून तालुक्यालाच आल्या नाहीत.

हे शेवटचं वाक्य गावानं नेमकं ऐकलं. दिवस मावळायच्या आत शाळेच्या खिडकीशी रांग. तोंडाला कापडं तशीच, पण काठ्या घरी. सगळ्यांत पुढे काशिनाथ.

"शालिकआप्पा," काशिनाथ म्हणाला. दोन दिवसांनी 'आप्पा' परत आलं होतं. "गोया उरेल व्हतीन तर दे ना भाऊ. घरमा नातू शे."

"गोया ते बकरीले देतस, आबा," उषाबाई आतून म्हणाली.

मास्टरनं तिला गप्प केलं. त्याला राग आला होता, पण रागापेक्षा त्याला पुन्हा शालिकआप्पा व्हायचं होतं, आणि त्या सुखापुढे तो राग टिकला नाही. शेजाऱ्यांची पाकिटं, उरलीसुरली सगळी, त्यानं वाटून टाकली. लहान पोरांना देऊ नका, आधी सिस्टरला विचारा, असं उषाबाई ओरडून सांगत होती, ते कोणी ऐकलं की नाही कोण जाणे. सगळ्यांत आधी मास्टरनं आईचा वाटा बाजूला काढला आणि भिकनच्या हाती पाठवला. भिकननं परत येऊन सांगितलं, म्हातारीनं गोळी लगेच खाल्ली.

"मंग झाय," मास्टर म्हणाला. आता आईलाही काही भीती नाही. उद्या घरी.

अष्टमीला सकाळी काशिनाथनं निरोप दिला, की गावाची काही हरकत नाही, ज्याच्या त्याच्या घरच्यांनी आपलं बघावं. मास्टरनं शाळेच्या हौदावर आंघोळ केली, धोतर नेसला आणि पट्टीवर हात ठेवत लंगडत घराकडे निघाला. वाटेवरची दारं त्याच्या पुढे पुढे लागत गेली आणि मागून किलकिली होत गेली.

घराच्या अंगणात सगळी तयारी होती. गोवऱ्या पेटवलेल्या, शेजारी तूप, तीळ, पाण्याचा तांब्या. खीर, वडे, कढी, सगळं पानात वाढून झाकलेलं. सुभद्राबाई दाराच्या आत उंबऱ्यापाशी बसली होती. तिथूनच तिनं हातानं खूण केली, की आधी बापाचं कर.

मास्टरनं विस्तवावर घास टाकला. पाणी सोडलं. बापाचं पान उचलून पत्र्यावर ठेवलं आणि मागे सरून हात जोडले. फार वाट पाहावी लागली नाही. कावळा आला, खिरीत चोच घातली. मास्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. वेशीवरची बैलगाडी, बाभूळ, शाळा, सगळं वसूल झालं असं त्याला वाटलं. बाप जेवला.

"माय, ताट वाढ," तो म्हणाला आणि पायरी चढून घरात जायला निघाला.

"तठेच बठ," सुभद्राबाई म्हणाली.

ओट्याच्या पार टोकाला, रस्त्याच्या कडेला, एक पोतं अंथरलेलं होतं. मास्टरला वाटलं, गळवामुळे मऊ बसायला ठेवलंय. तो बसला, एका कुशीवर. उषाबाई खांबाला टेकून उभी राहिली. म्हातारीनं ताट वाढलं, उंबऱ्याबाहेर फरशीवर ठेवलं, आणि मग काठी घेतली. काठीच्या टोकानं तिनं ते ताट हळूहळू फरशीवरून त्याच्याकडे सरकवलं. कढी हिंदकळून वड्यांवर सांडली. ताट हाताच्या टप्प्यात आल्यावर तिनं काठी मागे घेतली आणि टोक चुलीतल्या राखेत खुपसलं.

मास्टर त्या ताटाकडे बघत राहिला. वर पत्र्यावर बाप खीर खात होता. त्याचं पान म्हातारीनं स्वतःच्या हातानं वाढलं होतं.

"माय, तुनी गोई खाधी ना?"

"खाधी."

"सिस्टर काय म्हने ते ऐकं ना? गळू शे."

"ऐकं."

"मंग?" त्याचा आवाज फाटला. "माय, मी मरेल नही. मी जिता शे."

सुभद्राबाई राखेतलं काठीचं टोक फिरवत राहिली. तिच्या लहानपणी घरातल्या थोरल्या काकाला गाठ आली, तेव्हा त्याला शेतातल्या झोपडीत ठेवून घर पुढे निघून गेलं होतं. त्याच्या हाका तिनं ऐकल्या होत्या. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आजही सांगितलं नाही.

"माले दखास ना भाऊ," ती म्हणाली. "मरेल मानूसनं भ्याव नही वाटत. जिता मानूसनंच वाटस."

उषाबाईनं पिशवी उचलली. दुपारची एसटी होती, पुढे गाडी. सुरतेत रोग होता, पण तिथं जेवणाचं ताट कुणी काठीनं सरकवत नव्हतं. मास्टरनं तिला हातानं थांबवलं. ताट पुढे ओढलं. बापाच्या श्राद्धाचं अन्न टाकून उठायचं नसतं. तो एका कुशीवर बसून सगळं जेवला, कढीत भिजलेले वडेसुद्धा. नंतर तो अंगणातल्या मोरीवर गेला, राखेनं ताट घासलं, दोनदा धुतलं, आणि ओट्याच्या कडेला उन्हात पालथं घालून ठेवलं, म्हणजे आईला त्याला लगेच हात लावावा लागू नये.